नगरपरिषदेच्या नित्य कामकाजाची रीत आणि नागरिकांचा सहभाग : पाथर्डी शहराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

नगरपरिषद ही नागरिकांच्या सर्वांत जवळची शासनसंस्था आहे. तथापि तिचे कामकाज नेमके कोणत्या रीतीने चालते, एखादा विषय अर्जापासून ठरावापर्यंत व ठरावापासून प्रत्यक्ष कामापर्यंत कसा पोहोचतो, याची माहिती सर्वसामान्य नागरिकांस क्वचितच असते. प्रस्तुत लेखात पाथर्डी शहराच्या संदर्भात ही रीत स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. सभेची सूचना, विषयपत्रिका, ठराव व इतिवृत्त या वरवर रुक्ष वाटणाऱ्या गोष्टी नागरिकांच्या जाणून घेण्याच्या व प्रश्न विचारण्याच्या हक्काचे संरक्षण करतात. निवडणुका लांबल्याने 2021–22 नंतरच्या प्रशासकीय राजवटीत या संरक्षणास बाधा आली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नगरपरिषद, सर्वसाधारण सभा, विषयपत्रिका, ठराव, इतिवृत्त, मुख्याधिकारी, प्रशासक.

1. प्रस्तावना

पाथर्डी हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे 27 हजार होती. हा तालुका अवर्षणप्रवण असून येथील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. मोहटादेवी, मढी व भगवानगड ही महाराष्ट्रभर परिचित असलेली श्रद्धास्थाने याच तालुक्यात आहेत. यात्रा व नवरात्र या काळात बाहेरून येणाऱ्या भाविकांचा भार शहरातील रस्ते, पाणी व स्वच्छता या व्यवस्थांवर पडतो. म्हणजेच जनगणनेत मोजलेल्या लोकसंख्येपेक्षा प्रत्यक्षात सेवा घेणारी लोकसंख्या कधी बरीच अधिक, तर ऊसतोडणीच्या हंगामात काही वस्त्यांत बरीच कमी असते. अशा शहराच्या नगरपरिषदेस मर्यादित उत्पन्नात हा बदलता भार सांभाळावा लागतो.

वृत्तपत्रांतून नगरपरिषदेची चर्चा होते ती प्रामुख्याने निवडणुकीच्या निमित्ताने. दोन निवडणुकांमधील पाच वर्षांत चालणारे नित्य कामकाज मात्र चर्चेबाहेर राहते. वास्तविक नळाला पाणी किती दिवसांनी येणार, गटार कोणत्या गल्लीत आधी होणार, घरपट्टी किती वाढणार, हे याच नित्य कामकाजात ठरत असते. म्हणून त्याची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

2. लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(1) नगरपरिषदेची घटनात्मक व कायदेशीर चौकट थोडक्यात मांडणे.
(2) सभेच्या कामकाजाची रीत व तिच्यामागील हेतू स्पष्ट करणे.
(3) उत्पन्नाची साधने व पाणीपुरवठा यांच्या आधारे निर्णयाच्या मर्यादा दाखविणे.
(4) प्रशासकीय राजवटीत या रीतीत कोणती उणीव निर्माण झाली याचा विचार करणे.

हा लेख संविधानातील तरतुदी, संबंधित अधिनियम व सार्वजनिक घटनाक्रम यांवर आधारलेला असून विशिष्ट पदाधिकारी किंवा विशिष्ट निर्णय यांचे मूल्यमापन करणे हा त्याचा हेतू नाही.

3. घटनात्मक व कायदेशीर चौकट

भारतातील नागरी स्थानिक स्वराज्याचा विचार करताना लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावाचा उल्लेख प्रथम केला जातो. स्थानिक कारभार स्थानिक लोकांच्या हाती असावा व त्यातून लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, ही भूमिका त्या ठरावात होती. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र राज्यात एकत्र आलेल्या मुंबई, विदर्भ व मराठवाडा या प्रदेशांत नगरपालिकांविषयीचे वेगवेगळे कायदे लागू होते. त्यांचे एकीकरण 1965 च्या अधिनियमाने झाले. आज तो ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965’ या नावाने ओळखला जातो.

या अधिनियमानुसार नगरपरिषदांचे तीन वर्ग आहेत. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या नगरपरिषदा ‘अ’ वर्गात, 40 हजारांहून अधिक व एक लाखापर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि 40 हजारांपर्यंतच्या ‘क’ वर्गात मोडतात. 2011 च्या लोकसंख्येचा विचार करता पाथर्डी ‘क’ वर्गाच्या मर्यादेत येते.

1 जून 1993 पासून अंमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदांना घटनात्मक दर्जा दिला. अनुच्छेद 243-यू नुसार नगरपरिषदेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण होणे अपेक्षित आहे. बाराव्या अनुसूचीत 18 विषय देण्यात आले. महाराष्ट्रात 2011 पासून महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत.

येथे एका बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे संविधान सांगते. पाथर्डीसारख्या लहान शहरास ही तरतूद लागू होत नाही. परिणामी अशा शहरात सर्व प्रभागांचे प्रश्न एकत्रितपणे व उघडपणे मांडण्याचे प्रमुख व्यासपीठ म्हणजे नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा होय. मोठ्या शहरापेक्षा लहान शहरात सभेचे महत्त्व अधिक आहे ते यामुळेच.

4. नगराध्यक्ष, सदस्य व मुख्याधिकारी

नगरपरिषदेचा कारभार दोन अंगांनी चालतो. नगराध्यक्ष व सदस्य हे लोकनियुक्त अंग, तर मुख्याधिकारी व त्यांच्या अधिपत्याखालील कर्मचारीवर्ग हे प्रशासकीय अंग होय. मुख्याधिकाऱ्यांची नियुक्ती राज्य शासन करते. काय करावयाचे हे सभेने ठरवावे आणि ते कायद्यानुसार व उपलब्ध निधीतून मुख्याधिकाऱ्यांनी अंमलात आणावे, अशी ही विभागणी आहे.

नगराध्यक्षांच्या निवडीची पद्धत राज्यात वारंवार बदलली. 2001 च्या सुमारास मतदारांनी थेट नगराध्यक्ष निवडले. 2006 नंतर ही निवड पुन्हा सदस्यांमधून होऊ लागली. 2016 मध्ये थेट निवड परत आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा स्वीकारण्यात आली. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचे व सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, अशी स्थिती उद्भवू शकते. अशा वेळी मतभेद मिटविण्याचे विधिवत ठिकाण सभा हेच असते. मतदान झाल्यास बहुमताने निर्णय होतो व समसमान मते पडल्यास पीठासीन अध्यक्षांस निर्णायक मत असते. नामनिर्देशित सदस्यांना चर्चेत भाग घेता येतो. मत देता येत नाही.

5. सभेच्या कामकाजाची रीत

5.1 सूचना व विषयपत्रिका

अधिनियमाच्या कलम 81 मध्ये सभांविषयी तपशीलवार तरतुदी आहेत. सामान्य कामकाजासाठी दर दोन महिन्यांनी सर्वसाधारण सभा घ्यावयाची असते. सभेची सूचना सदस्यांना पूर्ण सात दिवस आधी, तर विशेष सभेची सूचना पूर्ण तीन दिवस आधी द्यावी लागते. सूचनेत सभेचे ठिकाण, वेळ व चर्चेस येणारे विषय नमूद करावे लागतात आणि ती नगरपरिषदेच्या कार्यालयात लावावी लागते.

ही सूचना केवळ सदस्यांसाठी असती, तर ती कार्यालयात लावण्याची अट घालण्याचे कारण नव्हते. आपल्या गल्लीचा, आपल्या दुकानापुढील रस्त्याचा किंवा आपल्या शेतावरील आरक्षणाचा विषय येत आहे, हे नागरिकांस आधी कळावे आणि त्याने आपल्या प्रभागातील सदस्यास गाठून म्हणणे मांडावे, यासाठी हे सात दिवस आहेत. ऐनवेळचे विषय घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ आहे. एखादी आपत्ती ओढवल्यास ती समजण्यासारखी असते. परंतु महत्त्वाचे आर्थिक विषय ऐनवेळी येऊ लागले, तर सूचनेचा मूळ हेतूच निष्फळ ठरतो.

5.2 चर्चा, ठराव व इतिवृत्त

सभेचा प्रारंभ सामान्यतः मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याने होतो. त्यानंतर विषयपत्रिकेतील विषय क्रमाने घेतले जातात. प्रत्येक विषयासोबत कार्यालयाची टिपणी असते. तीत विषयाची पार्श्वभूमी, अपेक्षित खर्च व निधीचे लेखाशीर्ष नमूद केलेले असते. चर्चेनंतर सूचक व अनुमोदक यांच्या नावांसह ठराव लिहिला जातो.

इतिवृत्त हा या सर्व प्रक्रियेचा टिकणारा पुरावा होय. कोण उपस्थित होते, कोणी ठराव मांडला, कोणी विरोध नोंदविला, हे त्यावरून कळते. सभा एरवी लोकांसाठी खुली असते. ज्यास सभेस उपस्थित राहता आले नाही, त्यास माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये ठरावाची व इतिवृत्ताची प्रत मागता येते.

सभेच्या निर्णयावर मर्यादाही आहेत. एखादा ठराव बेकायदेशीर असल्यास किंवा त्यामुळे लोकांना इजा अथवा उपद्रव होण्याचा संभव असल्यास कलम 308 नुसार जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. तसेच नगरपरिषदेच्या कंत्राटात हितसंबंध असणारी व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरू शकते.

5.3 एका विषयाचा प्रवास

उदाहरणादाखल एका गल्लीतील जुनी जलवाहिनी बदलण्याचा विषय घेऊ. रहिवाशांचा अर्ज प्रथम आवक नोंदवहीत नोंदविला जातो व त्यास क्रमांक मिळतो. पाणीपुरवठा विभाग जागेची पाहणी करून टिपणी सादर करतो. अभियंता अंदाजपत्रक तयार करतो व त्यास तांत्रिक मंजुरी घेतली जाते. अंदाजपत्रकीय तरतूद आहे किंवा नाही याविषयी लेखा विभाग अभिप्राय देतो. त्यानंतर विषय सभेपुढे अथवा संबंधित समितीपुढे येतो व मंजुरीचा ठराव होतो. पुढे निविदा मागविली जाते, दर मान्य होतो व कार्यारंभ आदेश दिला जातो. काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंदी होतात आणि त्या नोंदींवरून ठेकेदाराचे देयक अदा केले जाते. अखेरीस हा खर्च लेखापरीक्षणास सामोरा जातो.

या प्रवासास वेळ लागतो व तो नागरिकांस त्रासदायक वाटतो, हे खरे. उन्हाळ्यात पाण्यावाचून बसलेल्या गृहिणीस तांत्रिक मंजुरीचे कौतुक असण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक टप्प्यावर एक कागद व एक स्वाक्षरी निर्माण होते, म्हणूनच काम अडल्यास ते कोठे अडले हे शोधता येते. ज्या नागरिकाजवळ अर्जाचा आवक क्रमांक आहे, तो ‘माझा अर्ज कोणत्या टेबलावर आहे’ असे विचारू शकतो. तोंडी आश्वासन घेऊन परतलेल्या नागरिकास हा आधार नसतो.

6. उत्पन्न, करआकारणी व अंदाजपत्रक

1999 मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली. जकात हे रोज हाती येणारे व स्वतःच्या नियंत्रणातील उत्पन्न होते. त्याऐवजी शासनाचे सहायक अनुदान मिळू लागले. त्यामुळे लहान नगरपरिषदांचे शासनावरील अवलंबित्व वाढले. आज मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजार फी व विविध परवाना शुल्क ही स्वतःच्या उत्पन्नाची मुख्य साधने आहेत.

मालमत्ता कराच्या देयकात दिसणारी संपूर्ण रक्कम नगरपरिषदेची नसते. शिक्षण कर व रोजगार हमी उपकर या बाबी नगरपरिषद राज्य शासनासाठी वसूल करते. घरपट्टीविषयी चर्चा करताना हा भेद लक्षात घेतला जात नाही.

दर चार वर्षांनी होणारी करआकारणीची फेरतपासणी हा नागरिकांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग होय. आकारणी यादी तयार झाल्यावर ती पाहण्यासाठी खुली केली जाते व ठरावीक मुदतीत हरकती मागविल्या जातात. ही मुदत बहुसंख्य नागरिक गमावतात आणि देयक हाती पडल्यावर तक्रार करतात. ऊसतोडणीसाठी बाहेर गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत तर सूचना प्रसिद्ध होते तेव्हा घराला कुलूप असण्याचा संभव असतो. कायद्याची मुदत सर्वांसाठी सारखी असली, तरी तिचा लाभ घेण्याची संधी सारखी नसते, हे येथे लक्षात येते. हीच गोष्ट विकास योजनेतील आरक्षणांनाही लागू पडते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार प्रारूप योजनेवर हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या वेळी गाफील राहिलेल्या जमीनधारकास पुढे दीर्घकाळ झगडावे लागते.

वार्षिक अंदाजपत्रक आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी सभेपुढे येते. वेतन, वीजदेयके व देखभाल हे अपरिहार्य खर्च वजा जाता सदस्यांना ज्याविषयी खऱ्या अर्थाने निवड करता येईल अशी रक्कम थोडीच उरते. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021–26 या काळात लहान शहरांना मिळणाऱ्या अनुदानातील 60 टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेला होता. अनुदाने लोकसंख्येशी निगडित असतात, परंतु 2021 ची जनगणना लांबणीवर पडल्याने 2011 चेच आकडे दीर्घकाळ प्रमाण मानावे लागले. वाढत्या शहरांवर याचा विपरीत परिणाम होणे स्वाभाविक आहे.

7. पाणीपुरवठा : निर्णयाच्या मर्यादा

पाथर्डीच्या कोणत्याही सभेत पाण्याचा विषय टाळता येत नाही. शहरास जायकवाडी जलाशयातून शेवगाव–पाथर्डी संयुक्त योजनेद्वारे पाणी मिळते. गोदावरीवरील पैठण येथील हे धरण मुख्यतः मराठवाड्याच्या सिंचनासाठी बांधले गेले. त्याच्या फुगवट्यातून पाणी उपसून, शुद्ध करून अवर्षणप्रवण पाथर्डीपर्यंत आणावे लागते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. नळाला पाणी न आल्यास नागरिक नगरसेवकास जाब विचारतात. परंतु जलाशयातील साठा, पंपांसाठीची वीज, लांब जलवाहिनीवरील गळती व दोन शहरांमधील वाटप यांपैकी बहुतेक बाबी एकट्या नगरपरिषदेच्या हाती नसतात. तिच्या हाती असते ते शहरांतर्गत वितरण : कोणत्या भागास कोणत्या दिवशी पाणी, साठवण टाक्यांची देखभाल, अवैध नळजोडण्यांवर कारवाई व पाणीपट्टीची वसुली. जबाबदारी निश्चित करावयाची असेल, तर ही विभागणी सभेत उघडपणे मांडली गेली पाहिजे. वितरणाचे वेळापत्रक ठरावाद्वारे निश्चित होऊन जाहीर झाले, तर एखाद्या वस्तीवर अन्याय होत असल्यास तो दाखवून देता येतो. ते केवळ तोंडी राहिले, तर ज्याचा वशिला अधिक त्यास पाणी अधिक, असा समज पसरतो व त्याचे निराकरण करण्यास कोणताही आधार उरत नाही.

8. प्रशासकीय राजवट : रीतीतील खंड

2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत 2021–22 च्या सुमारास संपली. पाथर्डीचाही त्यांत समावेश होता. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये दिलेला निर्णय, त्यानंतरची कायदेशीर गुंतागुंत व प्रभागरचनेविषयीचे वाद यांमुळे निवडणुका लांबत गेल्या. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढण्याचा आदेश दिला. अखेरीस डिसेंबर 2025 मध्ये राज्यातील 246 नगरपरिषदा व 42 नगरपंचायतींची निवडणूक प्रक्रिया पार पडली व 21 डिसेंबर रोजी मतमोजणी झाली.

म्हणजेच पाच वर्षांच्या मुदतीनंतर सुमारे चार वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. या काळात नगरपरिषदांची कार्यालये बंद पडली नाहीत. जन्म-मृत्यूच्या नोंदी झाल्या, दिवाबत्ती चालू राहिली, कचरा उचलला गेला, देयके अदा झाली. काही ठिकाणी निर्णय अधिक जलद झाले असेही म्हणता येईल. मग हानी कोणती झाली?

हानी झाली ती रीतीची. प्रशासकाचा निर्णयही ठराव म्हणूनच नोंदविला जातो. परंतु त्यास सूचक नसतो, अनुमोदक नसतो आणि विरोधी मतही नसते. जेथे मुख्याधिकारीच प्रशासक होते, तेथे प्रस्ताव सादर करणारी व तो मंजूर करणारी व्यक्ती एकच झाली. सात दिवस आधी विषय कळण्याचा, सदस्यास गाठून म्हणणे मांडण्याचा आणि सभेत उपस्थित राहून चर्चा ऐकण्याचा नागरिकांचा मार्ग या काळात खुंटला. कागद तेच राहिले, त्यांमागील संवाद मात्र थांबला. पाच वर्षांची मुदत संविधानाने ठरवून दिली असताना जवळपास तिच्याएवढाच दीर्घ खंड पडणे, ही स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीने चिंतेची बाब आहे.

9. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :
(1) लहान शहरात सर्वसाधारण सभा हेच सामूहिक निर्णयाचे प्रमुख व्यासपीठ असल्याने तिची नियमितता ही केवळ औपचारिकता नाही.
(2) सूचना, विषयपत्रिका, ठराव व इतिवृत्त या बाबी विलंबाचे कारण वाटत असल्या, तरी उत्तरदायित्व निश्चित करण्याचे त्या मुख्य साधन आहेत.
(3) जकात रद्द झाल्यानंतर लहान नगरपरिषदांची निर्णयक्षमता अनुदानांनी मर्यादित झाली आहे. पाणीपुरवठ्यासारख्या विषयात तर ती भूगोल व बाह्य यंत्रणांनीही मर्यादित आहे.
(4) प्रशासकीय राजवटीत सेवा चालू राहू शकतात, परंतु लोकांचे प्रश्न उघडपणे मांडले जाण्याची व्यवस्था खंडित होते.

10. सूचना

(1) सभेची विषयपत्रिका व कायम झालेले इतिवृत्त मराठीतून, नियमितपणे व सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी प्रसिद्ध करावे.
(2) आर्थिक स्वरूपाचे विषय शक्यतो ऐनवेळी घेऊ नयेत.
(3) करआकारणी व विकास योजनेवरील हरकतींची सूचना स्थलांतरित कुटुंबांपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी. शक्य असल्यास अशा सूचना हंगाम संपल्यावर काढाव्यात.
(4) पाणीवाटपाचे प्रभागनिहाय वेळापत्रक ठरावाद्वारे निश्चित करून जाहीर करावे.
(5) महाविद्यालयांनी राज्यशास्त्र व लोकप्रशासन विषयाच्या विद्यार्थ्यांना नगरपरिषदेच्या सभेस उपस्थित राहण्याची व इतिवृत्त वाचण्याची सवय लावावी.

शेवटची सूचना विशेष महत्त्वाची वाटते. 74 वी घटनादुरुस्ती विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतात; परंतु तिचा प्रत्यय आपल्याच शहराच्या सभागृहात दर दोन महिन्यांनी घेता येतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. 1882 मध्ये अपेक्षिलेले राजकीय शिक्षण तेथे विनामूल्य उपलब्ध आहे. डिसेंबर 2025 नंतर सभागृहे पुन्हा भरली आहेत. तेथील चर्चा ऐकण्यास नागरिक किती संख्येने जातात, यावर त्या चर्चेचा दर्जा बऱ्याच अंशी अवलंबून राहील.